मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किलोमीटरचे आणि अंतर शरीराचे

मुलगा किंवा लेक अमेरिकेत स्थायिक झाली, की घरातील ज्येष्ठांच्या मनात केव्हातरी एक प्रश्न उभा राहतोच : ‘ते गाव आपल्यापासून किती लांब आहे हो?’ या प्रश्नाचे एक उत्तर भूगोल देतो. मुंबईहून न्यूयॉर्कचे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,५०० किलोमीटरवर आहे, तर लंडन सुमारे ७,२०० किलोमीटरवर. आकडे ऐकून मान डोलवावी आणि पुढचा प्रश्न तिकिटाच्या किमतीचा विचारावा, अशी आपली रीत आहे.

परंतु सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी किंवा दमा यांपैकी एखादी तरी सोबत घेऊन वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ फारच थोडा आहे. शरीर किलोमीटर ओळखत नाही. आपण किती तास बसून राहिलो, किती उंचीवरची हवा श्वासात घेतली, किती पाणी गमावले, सूर्याचे घड्याळ किती सरकले आणि या साऱ्यात पायांना किती चालावे लागले, एवढेच शरीर मोजते. ही पाच मापे लावून पाहिली, तर प्रवास करावा की नाही, करावा तर कसा, आणि आधी वैद्यांना काय विचारावे, या प्रश्नांची उत्तरे हाती येऊ लागतात. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

नकाशावरची रेघ आणि आकाशातली वाट

आधी त्या १२,५०० या आकड्याचा अर्थ पाहू. घरातल्या नातवंडाचा पृथ्वीचा गोल टेबलावर घ्यावा. एक दोरा मुंबईवर धरून त्याचे दुसरे टोक न्यूयॉर्कवर ताणून लावावे. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहता दोरा अरबी समुद्र, आफ्रिकेचे उत्तर टोक आणि अटलांटिक महासागर यांवरून सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. गोलावर मात्र तो वर, उत्तरेकडे चढतो, पार उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित खालपर्यंत पोहोचतो आणि मग खाली उतरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागतो. गोल पृष्ठभागावरची ही सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावरची सरळ रेघ धरून गेलो, तर हेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरेल.

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरूनही तंतोतंत जात नाही. वारे, वादळे आणि देशोदेशींचे संबंध त्याची वाट ठरवतात. २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडील विमानांना वळसे घ्यावे लागले आणि प्रवासाचे तास वाढले. शिवाय उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात, तर परतताना पाठीशी असतात. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाण्यास साधारण १५ ते १६ तास लागतात आणि परतीचा प्रवास त्याहून काहीसा कमी वेळात होतो. अंतर तेच, तास वेगळे. शरीराच्या हिशेबाला सुरुवात येथूनच होते.

पहिले माप : बसण्याचे तास

पोटरीचे स्नायू हे पायांतील रक्त हृदयाकडे परत ढकलणारे पंपच आहेत. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावतात आणि रक्त वर चढते. अरुंद जागेत, गुडघे दुमडून तासन् तास बसले की हा पंप थांबतो, पायांत रक्त साकळते, घोट्यांवर सूज येते आणि काही जणांत खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी तयार होते. ही गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर ते जिवावर बेतू शकते.

या धोक्याचा संबंध विमानाशी नसून बसण्याशी आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र रात्र भूमिगत आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणाऱ्या मृत्यूंकडे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी लक्ष वेधले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, आगगाडी असो वा बस. निरोगी माणसात हा धोका तरीही लहानच, म्हणजे सुमारे सहा हजारांत एक, असे त्या अभ्यासात आढळले. पण ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना कर्करोग आहे, वजन फार आहे किंवा ज्यांची हालचाल मुळातच मर्यादित आहे, त्यांच्यासाठी तो लहान राहत नाही.

उपाय साधे आहेत. आसन मार्गिकेच्या बाजूचे घ्यावे, म्हणजे उठताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही. दर तास-दीड तासाने, जागेपणी, उठून चार पावले टाकावीत. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस वेळा करावे. पायांशी पिशवी ठेवून पाय पसरण्याची जागा अडवू नये. धोका अधिक असलेल्यांनी गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे वैद्यांच्या सल्ल्याने, योग्य मापाचे घ्यावेत. पायांच्या धमन्यांत अडथळा असेल, तर हे मोजेच अपाय करू शकतात. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिनची गोळी घेणेही बरे नाही. आणि झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच अंगावर निपचित पडणे तर या प्रवासात विशेष टाळावे.

गुठळीचा धोका विमानातून उतरल्यावर लगेच संपत नाही. पुढील काही आठवडे तो राहतो. एकाच पोटरीत दुखणे, सूज, उष्णता वा लाली, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, यांपैकी काही जाणवले तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. अमेरिकेत तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे. तो आजी-आजोबांच्या भ्रमणध्वनीत, आणि जमल्यास कागदावर मोठ्या अक्षरांतही, आधीच लिहून ठेवावा.

दुसरे माप : हवेची उंची

विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडते. आत हवा दाबून भरलेली असते म्हणून आपण श्वास घेऊ शकतो. पण ती समुद्रसपाटीइतकी दाबलेली नसते. बहुतेक विमानांत आतील दाब हा ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा राखला जातो. कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर सुमारे ५,४०० फुटांचे आहे. म्हणजे विमानात बसलेला प्रवासी पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. ८,००० फुटांच्या बरोबरीच्या दाबाला प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. काही नव्या बनावटीच्या विमानांत आतील उंची ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात. श्वसनाचा विकार असलेल्यांनी तिकीट काढताना विमानाचा प्रकार विचारून घेतल्यास उपयोग होतो.

निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण या उंचीवर काही टक्क्यांनी उतरते आणि त्याला ते कळतही नाही. मात्र ज्यांचे प्रमाण घरीच ९२ किंवा ९३ असते, त्यांच्यापाशी उतरण्यासाठी जागाच उरलेली नसते. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र येथे कामी येते. विश्रांतीत मोजलेला आकडा ९५ च्या खाली असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी फुप्फुसतज्ज्ञांची भेट घ्यावी. आणखी एक ढोबळ कसोटी अशी : सपाट रस्त्यावर पन्नास मीटर अंतर न थांबता, धाप न लागता चालता येते का, किंवा एक जिना चढता येतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रवास अशक्य आहे असे नव्हे. पण वैद्यकीय तपासणीशिवाय तो करू नये, हे निश्चित.

ज्यांना प्राणवायूची गरज लागेल त्यांनी विमान कंपनीला आधी कळवावे लागते. घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. मान्यताप्राप्त, विजेरीवर चालणारे लहान प्राणवायू यंत्र बऱ्याच कंपन्या चालवू देतात. त्यासाठी पूर्वसूचना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रवासाच्या तासांहून अधिक काळ पुरेल एवढ्या विजेऱ्या लागतात. हे सारे विमानतळावर ठरत नाही. आठवडाभर आधी ठरवावे लागते.

दाब कमी झाला की शरीरात कोंडलेली हवा फुगते. म्हणूनच विमानात पोट फुगते, कानांत दडे बसतात. विमान उतरू लागताना जागे राहावे, लाळ गिळावी, गोळी चघळावी. याच कारणाने काही रुग्णांना विमानप्रवास वर्ज्य ठरतो. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसू नये. अन्यथा दृष्टी कायमची जाण्याचा धोका आहे. पोटाची वा छातीची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, फुप्फुसाभोवती साठलेली हवा, नुकतेच घातलेले प्लास्टर, या साऱ्यांत किती दिवस थांबावे हे उपचार करणाऱ्या वैद्यांनीच ठरवायचे आहे.

तिसरे माप : गमावलेले पाणी

विमानातील हवा अतिशय कोरडी असते. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच राहते. आपल्या कोकणातील किंवा मुंबईतील हवेची सवय असलेल्या त्वचेला आणि घशाला ती फार जाणवते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, हे आणखी एक कारण. आणि तिसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही : स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणीच कमी करतात. काही जण लघवी होण्याची गोळीही स्वतःहून बंद करतात.

या काटकसरीची किंमत मोठी असते. पाणी कमी पडले की उभे राहताना चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि वयोवृद्धांत मनाचा गोंधळही उडतो. दर तासाला थोडे थोडे पाणी प्यावे. चहा-कॉफी बेताने, मद्य टाळावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी किती प्यावे हे विचारून घ्यावे. स्वच्छतागृहाजवळचे आसन मागून घेता येते. प्रौढांसाठीचे डायपर वापरण्यात लाज मानण्याचे कारण नाही. घरात हा विषय लेकीने वा सुनेने हळुवारपणे, पण स्पष्टपणे काढावा. आई तो स्वतःहून काढणार नाही.

चौथे माप : सूर्याचे घड्याळ

लंडनहून जोहान्सबर्ग सुमारे ९,००० किलोमीटर दूर आहे. मुंबई-लंडन अंतरापेक्षा ते बरेच अधिक. तरीही तेथे उतरणाऱ्याचे घड्याळ एक-दोन तासच पुढे जाते, कारण तो प्रवास मुख्यतः उत्तरेकडून दक्षिणेकडे होतो. मुंबईहून लंडनला जाताना मात्र साडेचार किंवा साडेपाच तासांचा फरक पडतो. पृथ्वी तासाला पंधरा रेखांश फिरते. म्हणून पूर्व-पश्चिम प्रवासच शरीराचे घड्याळ विसकटतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. सॅन फ्रान्सिस्को अंतराने त्याहून जेमतेम हजार किलोमीटर अधिक. पण घड्याळाने आणखी तीन तास मागे. तेथे आपला दिवस म्हणजे जवळजवळ त्यांची रात्र.

मेंदूतील एक लहानसे केंद्र डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्र ओळखते आणि झोप, भूक, शरीराचे तापमान, रक्तदाब व संप्रेरके यांचे वेळापत्रक सांभाळते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ हाताने फिरवता येत नाही. ते दिवसाला साधारण एक तास सरकते. त्यामुळे नऊ-दहा तासांचा फरक भरून निघण्यास आठवडा-दीड आठवडा लागणे स्वाभाविक आहे, आणि वय वाढल्यावर त्याहूनही थोडे अधिक. बहुतेकांना पश्चिमेकडे जाण्यापेक्षा पूर्वेकडे येणे जड जाते. म्हणजे भारतात परतल्यावरचा पहिला आठवडा अधिक त्रासाचा, आणि नेमका त्याच वेळी घरात सोबतीला कोणी नसते. परतीची तयारी करताना हे ध्यानात ठेवावे.

पोहोचल्यावर दिवसा घराबाहेर, उजेडात थोडे चालावे. दुपारची डुलकी अर्ध्या-पाऊण तासापुरतीच ठेवावी. जेवणे तेथील वेळेला घ्यावीत. अमेरिकेत मेलॅटोनिन औषधचिठ्ठीवाचून मिळते. पण ते रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या औषधांशी गुंतागुंत करू शकते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

पहिल्या आठवड्यातील सर्वांत मोठा धोका झोपमोडीचा नसून पडण्याचा आहे. रात्री दोन वाजता जाग येते, खोली अनोळखी, दिव्याचे बटण कोठे ते ठाऊक नाही, आणि तेथील अनेक घरांत झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर असल्याने दाराबाहेर लगेच जिना. मुलांनी आई-वडील येण्याआधीच पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवे लावावेत, वाटेतली सैल जाजमे उचलावीत आणि शक्य असल्यास तळमजल्यावर झोपण्याची सोय करावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांना अशा रात्री अधिक भ्रम होतो. त्यांच्या खोलीत पहिले काही दिवस कोणीतरी झोपावे.

घड्याळ बदलते, तेव्हा औषधे

‘सकाळी आठची गोळी सकाळी आठला’ हा नियम या प्रवासात फसवतो. उन्हाळ्यात मुंबईत सोमवारी सकाळी आठला गोळी घेतली आणि मंगळवारी न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी आठला पुढची घेतली, तर मधले अंतर चोवीस तासांचे नसून साडेतेहतीस तासांचे होते. परत येताना उलट : न्यूयॉर्कच्या सकाळी आठनंतर भारतातील दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ अवघ्या साडेचौदा तासांत येतात. एकदा औषध उशिरा, एकदा ते जवळजवळ दुप्पट लवकर. काही औषधांना याने फारसा फरक पडत नाही. अपस्मार, कंपवात, हृदयाचे ठोके यांवरील औषधे, रक्त पातळ करणारी औषधे आणि इन्सुलिन यांना मात्र पडतो.

यावर एक सोपी युक्ती आहे. मनगटावरचे एक घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच राहू द्यावे आणि विमानात औषधे त्याच घड्याळाप्रमाणे घ्यावीत. पोहोचल्यावर ती स्थानिक वेळेकडे कशी सरकवायची, याचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच वैद्यांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे अनिवार्य आहे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा एखादी जादा मात्रा लागू शकते. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो, तेव्हा मात्रा कमी करावी लागू शकते. जेवणाआधीचे इन्सुलिन जेवणाचे ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच टोचावे. विमान हेलकावू लागले की वाढप मध्येच थांबते. जवळ साखर, खजूर किंवा बिस्किटे ठेवावीत.

सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान हरवले तर सारेच जाते. औषधे मूळ वेष्टनात असावीत, सोबत औषधचिठ्ठी असावी, आणि तिच्यावर कंपनीच्या नावापेक्षा औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटअमिनोफेन या नावाने विकले जाते. हे ठाऊक नसल्याने दोन नावांखाली एकाच औषधाची दुहेरी मात्रा पोटात जाण्याचा आणि यकृताला इजा होण्याचा संभव असतो.

पाचवे माप : दारापासून दारापर्यंतची पावले

तिकिटावर पंधरा तास छापलेले असतात. पण कोल्हापूरच्या आजींचा प्रवास मुंबई विमानतळावर सुरू होत नाही. आधी सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता, मग तीन-चार तास आधी पोहोचून तपासण्या, बहुधा मध्यरात्रीनंतरचे उड्डाण, उतरल्यावर प्रवेश तपासणीची रांग, सामानाची वाट, आणि पुढे मुलाच्या घरापर्यंतची मोटार. दारापासून दारापर्यंतचे तास मोजले तर ते तीसच्या आसपास भरतात. शक्य असल्यास आदल्या दिवशी मुंबईत नातलगांकडे मुक्काम करावा, म्हणजे रस्त्याचा शीण विमानात नेला जात नाही.

मोठ्या विमानतळांवर चालण्याचे अंतर एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. व्हीलचेअर मागणे हे अपंगत्वाची कबुली देणे नव्हे. घरात हिंडूफिरू शकणाऱ्या, पण लांब चालता न येणाऱ्या माणसासाठीच ती सोय आहे. तिकीट काढतानाच ती नोंदवावी. निदान ४८ तास आधी तरी कळवावे. जिना चढता येतो की नाही, आसनापर्यंत चालता येते की नाही, हे खरे खरे सांगावे, कारण मदतीचे प्रकार त्यावरून ठरतात. वाटेत विमान बदलायचे असल्यास दोन विमानांमध्ये निदान तीन तासांचे अंतर ठेवावे. मध्ये उतरण्याचा लाभही आहे : पाय मोकळे होतात, बसण्याचे सलग तास घटतात. तोटा एवढाच, की पावले आणि गोंधळ वाढतो. गुडघे अधू असतील तर थेट विमान बरे. पायांत रक्त साकळण्याची भीती अधिक असेल तर मुक्कामाचे बरे. हा निर्णय केवळ भाड्यावरून करू नये.

न बोललेल्या गोष्टी

शरीराची पाच मापे झाली. या प्रवासाला आणखी एक अडचण आहे, ती कुटुंबातल्या अबोल्याची. मुलांना काळजी नको म्हणून आई-वडील छातीतली कळ सांगत नाहीत. ‘आता तिकीट काढले आहे’ म्हणून तपासणी पुढे ढकलतात. प्रवासविम्याच्या अर्जात जुना आजार लिहीत नाहीत. अमेरिकेत पाहुण्यांना सरकारी आरोग्य योजनेचा लाभ मिळत नाही. तेथील रुग्णालयाचा खर्च अफाट असतो, आणि लपवलेल्या आजारामुळे विमा नाकारला गेला तर तो भार ज्या मुलांची काळजी वाचवायची होती त्यांच्याच डोक्यावर येतो. विमा घेताना आधीपासूनच्या आजारांना कितपत संरक्षण आहे, हे वाचूनच सही करावी.

म्हणून तिकिटापूर्वी वैद्यांची भेट, असा क्रम असावा. निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी जावे, म्हणजे औषधात बदल करावा लागला तर तो अंगवळणी पडायला वेळ मिळतो. त्या भेटीत मुलगा वा लेक दूरध्वनीवरून सहभागी झाली तर उत्तम. विचारण्याचे प्रश्न मोजके आहेत : माझे हृदय आणि फुप्फुसे ही उंची सोसतील का? मला गुठळीचा धोका कितपत आहे? औषधांच्या वेळा कशा बदलू? विमानात काही झाले तर पहिल्यांदा काय घेऊ? या उत्तरांचा, आजारांच्या यादीचा आणि अलीकडच्या हृदयालेखाचा एक-एक कागद इंग्रजीत करून पारपत्रासोबत ठेवावा.

बहुतेक ज्येष्ठांना याचे उत्तर ‘अवश्य जा’ असेच मिळेल. एवढी तयारी केल्यावर ऐंशीच्या घरातील माणसेही हा प्रवास सुखरूप करतात, नातवंडांबरोबर सहा महिने राहतात आणि आनंदाने परततात. क्वचित कोणाला मात्र ‘यंदा नको’ किंवा ‘आता नकोच’ असे उत्तर मिळेल. ते ऐकणे कठीण असते. पुढची भेट आपल्या प्रकृतीमुळे हुकते आहे, ही बोच मनाला लागते. आणि पलीकडे मुलांनाही आई-वडिलांनी आपले घर पाहिले नाही याची हळहळ राहते.

अशा वेळी एक गोष्ट दोन्ही घरांनी लक्षात घ्यावी. मुंबईहून न्यूयॉर्क जेवढे दूर आहे, तेवढीच न्यूयॉर्कहून मुंबई दूर आहे. अंतर दोन्ही बाजूंनी सारखे. ते कापणारी शरीरे मात्र सारखी नाहीत. चाळिशीतल्या मुलाला पंधरा तास बसणे, हजारो फुटांवरची विरळ हवा आणि विसकटलेले घड्याळ यांचा त्रास चार दिवसांत विसरता येतो. पंचाहत्तरीच्या आईला तोच त्रास रुग्णालयात नेऊ शकतो. रजा आणि पैसा यांची जुळवाजुळव करून मुले आली, तर भेट तीच होते. कोणी कोणाकडे जायचे हे वर्षानुवर्षांच्या प्रथेने न ठरवता, त्या वर्षी कोणाचे शरीर हे अंतर सहज सोसेल, यावर ठरवावे. हा प्रश्न तिकिटांच्या किमती पाहण्याआधी, दूरध्वनीवरच्या नेहमीच्या गप्पांतच कोणीतरी काढायला हवा. आणि तो मुलांनी काढला, तर आई-वडिलांना खरे उत्तर देणे सोपे जाईल.